सरकीचा मालक

मले एक सांगा, माणसानं भरोसा ठेवावा तरी कोणावर? नाही, आरामात सांगा, चहा येऊनच राह्यला. माणसावर ठेवावा म्हणता? मी तीस वर्षं मुकुटबनात सरकी-ढेपेचं अन् बियाण्याचं दुकान चालवून राह्यलो. शाळेचं तोंड पाह्यलं नाही, पण गिऱ्हाईक पायरी चढलं का त्याच्या चपलेवरून सांगतो, हा पोतं उचलणार का नुसता भाव विचारून बाजूच्या दुकानात जाणार. मंग कागदावर ठेवावा म्हणता? अहो, त्या कागदापायीच तं मी, डोंगरसिंग नायक, ज्यानं नागपूरच्या पुढं कधी मुक्काम केला नाही असा माणूस, एका कुत्रीचं सामान म्हणून जर्मनीले जाऊन आलो... हसू नका. लोक म्हणतात कुत्रीले विमानात नेलं. मी नाही नेलं बाप्पा. कुत्रीनं मले नेलं.

सरकी तिचं नाव. पिल्लू होती तवा माह्या दुकानात सरकीच्या पोत्यावर येऊन झोपे, म्हणून सरकी. पाठ राखाडी, पोट पांढरं, एक कान उभा अन् दुसरा पडलेला. अन् ती माही नव्हे. हे पक्कं ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ याच्यावरच हाये. ती माह्या मानीकाकीची. काका वारला, एकुलती एक पोरगी उज्ज्वला नर्सिंग शिकून जर्मनीले गेली, जावई बी तिकडंच, अन् इकडं तांड्याच्या टोकाले काकी अन् सरकी, दोघीच.

पोळ्याच्या सुमारास उज्ज्वलाचा फोन आला. पोरीले दिवस राह्यलते. पहिल्या खेपेले बाळ हाती लागलं नव्हतं, म्हणून डॉक्टरनं यंदा पलंगावरच ठेवलं. जावई विक्की रातपाळीवर. पोरगी तशी धीराची हो, पण त्या दिवशी फोनवर एवढंच म्हणे, "याडी, तू ये." याडी म्हणजे आम्हा बंजाऱ्यांच्या गोरबोलीत माय. आता यावर कोणती माय विचार करन? काकीनं बी केला नाही. म्हणाली, "यीन. सरकीले घेऊन यीन."

मी म्हटलं, काकी, तीन महिन्यांचा तं व्हिसा भेटन, सरकी राहीन माह्या दुकानात. तं काकीनं माह्याकडं असं पाह्यलं का मी जणू पोत्यात माती मिसळताना सापडलो.

"मागच्या साली मी डोळ्याच्या आपरेशनले नागपूरले गेलतो, तवा बी तुह्याच दुकानात ठेवलती ना?"

खरं होतं. आठ दिवस सरकी फाट्यावर बसली. येणाऱ्या एकेका एसटीतून कोण उतरते ते पाहे अन् पुन्हा बसे. मथुरानं, म्हणजे माह्या बायकोनं, दूधभाकर नेली, माह्या पोरानं अंडं नेलं, कायलेच तोंड लावलं नाही. काकी उतरली तवा सरकीच्या फासळ्या मोजून घ्या.

"आठ दिवसात अशी झाली," काकी म्हणे. "तीन महिन्यात राहीन का ती? पोरगी गेली, तिचा बाप गेला. माही वाट पाहणारी ही एकच उरली, अन् तिलेच फाट्यावर बसवून मी इमानात बसू?"

संपलं. आता म्हणजे सरकी गेली तं काकी जाणार, सरकी नाही तं काकी नाही, अन् काकी नाही तं तिकडं पोरगी एकटी. तांड्याचा नायक कोण? मी. मंग करणार कोण?

तुम्हाले सांगतो, आमचे पूर्वज लदेणीवाले. हजार-हजार बैलांवर मीठ लादून, धान्य लादून मुलुखच्या मुलुख पालथा घातला त्यांनी, अन् बैलांच्या खाली सावलीत कुत्रे चालत. कोणत्या राजानं इचारलं का कुत्र्याचा कागद दाखव? मले वाटलं, दोन सुया लागतील, एक कागद लागन, झालं. गेलो वणीले जनावरांच्या दवाखान्यात. तिथं दीपा मॅडम. वय पोरीएवढं, पण बोलणं असं का समोरच्याले वाटावं आपल्यालेच हे आधीपासून माहीत होतं. मी ऐटीत सांगतलं, मॅडम, पिसाळायची लस तं झाली हाये, तांड्यावर शिबिर आलतं.

मॅडम म्हणे, "काका, चिप कुठाय?"

मी म्हटलं, "कोणाची?"

तं कुत्रीच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप टाकावी लागते म्हणे, त्यात नंबर. अन् चिप आधी, लस मागून. उलटं झालं तं ते लोक म्हणतील, लस टोचली ती याच कुत्रीले कशावरून? मले हे एका झटक्यात पटलं. पोत्यावर मार्का नाही अन् वजन करून ठेवलं, तं असा माल आपण तरी घेतो का? म्हणजे जुनी लस बाद. पहिल्यापासून सुरू. चिप, मंग लस, मंग महिनाभर दम धरायचा, मंग रक्त काढायचं, ते परदेशातल्या ठरलेल्या लॅबमध्ये पाठवायचं, लस अंगात भिनली का ते पाहायचं, अन् भिनली असली तरी रक्त काढल्यापासून तीन महिने पुन्हा दम धरायचा. मंग सरकारी साहेबाचं सर्टिफिकेट, मंग विमान कंपनीचा कागद, मंग मापाचा पिंजरा. मी मनात हिशोब केला, पोरीचे दिवस भरतात होळीच्या पुढं. बसते, पण कसं, तं भरल्या गाडीत शेवटचं पोतं बसते तसं. एक बी दिवस वाया जायले नको.

काकी चिपेले तयार नव्हती. तांड्यावर कोणी तरी भरवलं होतं का त्याच्यात रिचार्ज मारा लागते. "माह्या सरकीच्या मानेत मोबाईल नाई घालू देत मी." दीपा मॅडमनं काकीचा हात हातात घेतला. तुम्ही आमच्या बायांचे हात पाह्यले ना, कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण. मॅडमनं इचारलं, "हे कायले गोंदलं, काकी?" काकी म्हणे, "दागिने इथंच राह्यतात. मेल्यावर वरती जाते ते एवढंच. तिथं ओळख दाखवा लागते." मॅडम म्हणे, "मग हे सरकीचं गोंदण समजा." काकीनं एक घडी पाह्यलं अन् स्वतः सरकीची मान धरली. चूं नाही केलं हो सरकीनं.

मंग फॉर्म. मॅडम सांगे अन् तिच्या हाताखालचा मानूस लिहे. जन्म? काकी म्हणे, "ज्या साली कापसाले बोंडअळी लागली, त्या साली, ज्वारी निसवली तवा." लिहिलं. मंग तो म्हणे, "जात?" अन् मी त्याचा लिहिता हातच धरला. कारण आमच्याकडं एकदा जात लिहिली का मंग पडताळणी, मंग बापाचा दाखला, मंग आजोबाचा दाखला, मंग आजोबा शाळेत काहून गेले नाही त्याचा दाखला... पोराच्या वेळी तीन जोडी चपला झिजल्या माह्या. आता सरकीचा आजोबा कुठून आणू मी? मॅडम हसली. म्हणे, "देशी लिहा." एका शब्दात झालं. मले त्या कुत्रीचा हेवा वाटला.

अन् आता तो सवाल, ज्याच्यापायी हे सगळं तुम्हाले सांगून राह्यलो. तो मानूस इचारते, "कोणाच्या नावानं लिहू?"

काकी डोळ्याची पापणी न हलवता म्हणे, "नायकाच्या."

तुम्ही तांड्यावरचे नसान तं तुम्हाले हे येडेपण वाटन. पण आमच्याकडं हे असंच हाये. बैल गेले, मीठ गेलं, लदेणी गेली, पण बाहेरच्यानं वही उघडली का नाव नायकाचंच. हापशी बिघडली, अर्ज नायकाच्या नावानं. लाइनीची डीपी जळाली, नायकाच्या नावानं. मागं बकऱ्यांचं शिबिर झालं तं पूर्ण तांड्याच्या बकऱ्या माह्या नावावर लागल्या. पुढं एक साहेब पाहायले आला, मले घराच्या मागंपुढं फिरवलं अन् म्हणे, "नायक, एवढ्या बकऱ्या बांधता कुठं?" ही आमची रीत. नायकाचं नाव देणं म्हणजे मान देणं. काकीनं मान दिला. अन् मी काय केलं? मी मिशीवरून हात फिरवला. डोंगरसिंग नायक, लिहा म्हटलं, ऱ्हस्व-दीर्घ तुमचं तुम्ही पाहा.

आता सांगा, भरोसा कोणावर ठेवावा? स्वतःच्या मिशीवर तं नका ठेवू, एवढं मी सांगतो.

महिन्यानं रक्त काढलं. ते थंड ठेवून नागपूरच्या कुरियरले त्याच दिवशी पोचवायचं होतं. आमची गाडी ऐनवेळी बसली. राजूरचा बबलू, कोळशाचा ट्रक चालवते, तो भरून नागपूरकडं निघालाच होता. मी म्हटलं, बबलू, हे एवढं नेशील का? त्यानं इचारलं, "काय हाये?" म्हटलं, सरकीचं रक्त. त्यानं थर्माकोलचा डबा असा घेतला का जणू तान्हं पोर. वाटेत दोनदा बरफ बदलला. वरोऱ्याच्या ढाब्यावर जेवायले बी उतरला नाही, म्हणे डब्यापाशी कोण बसन? कुरियरवाल्यानं तो काळाकुट्ट डबा पाहून इचारलं, "याच्यात काय, कोळसा हाये का?" बबलू म्हणे, "आमच्या तांड्याचं पेशंट हाये, सांभाळून पाठव." मी भाड्याचं नाव काढलं तं मलेच बोलला, "नायक, कोळशाचं भाडं घेतो मी. रक्ताचं घेऊ का?"

रिपोर्ट आला. पास. काकीनं तांड्यावर साखर वाटली. मी रिपोर्ट मोबाईलवर नागपूरच्या एजंटले पाठवला, हे कुत्र्यामांजरांचे कागद करून देणारा एक हाये तिथं. त्याचा लगेच फोन. नागपुरी मानूस, अर्धं हिंदी अर्धं मराठी. "काका, सब बढिया हाये. फक्त एक सांगा, ये डोंगरसिंग कौन?"

म्हटलं, "मी."

"आप जा रहे हो?"

म्हटलं, "कायले? मानीबाई जाते."

मंग तो म्हणे, "काका, पहिले बसून घ्या." एजंटनं बसायले सांगतलं का समजायचं, पोतं फाटलं. म्हणे, "काका, मालकासोबत जनावर जाते तं तो प्रवास. मालक इथं अन् कुत्री तिथं, तं वो गया व्यापार में. व्यापाराचे कायदे अलग, कागद अलग."

मी म्हटलं, नाव बदलू ना, एक प्रतिज्ञापत्र करू, सरकी मी काकीले देऊन टाकतो. तं म्हणे, "देणं-घेणं झालं म्हणजे तोच तं व्यापार ना काका. नाही तं मग पहिल्यापासून करा, नवी लस, नवं रक्त, नवे तीन महिने." तुम्हाले सांगतो, जलमभर व्यापार केला, पण हा शब्द असा छातीवर कधी आदळला नव्हता.

गेलो काकीकडं. ती चुलीपाशी, सरकी तिच्या पायापाशी. म्हटलं, "काकी, कागदावर सरकी माही हाये."

काकी भाकर थापता थापता म्हणे, "तुही? तिले खाऊ कोन घालते?"

"तू."

"गोचिड्या कोन काढते?"

"तू."

"मंग तुही कशी?"

"तूच तं सांगतलं, नायकाच्या नावानं लिहा."

"ते मी मान म्हणून सांगतलं रे," काकी म्हणाली. अन् मंग तव्यावरची भाकर करपली तरी तिनं उलटली नाही. थोड्या वेळानं हळूच म्हणे, "उज्ज्वलाले सांग, येणं होत नाई म्हणावं." असं सांगतलं जणू बाजारात मेथी भेटली नाही.

मी घरी आलो. जेवण गेलं नाही. मथुरा म्हणे, झालं काय? सांगतलं सगळं. माही मथुरा शिकली नाही, पण तिचं डोकं म्हणजे इलेक्ट्रॉनिक काटा हाये. म्हणे, "मालक सोबत पायजे ना? मंग मालक जाईन."

"कोण मालक?"

"तुमी. मिशीवर हात फिरवला ना? मंग जा."

मी म्हटलं, येडी झाली का, माह्याकडं रेशनकार्डाच्या पलीकडं काही नाही. ती म्हणे, "तीन महिने थांबाच लागते ना सरकीले? मंग ते तीन महिने तुमी काय करान, पोते मोजान?" अन् मले चमकलं. कुत्रीचे कागद पुन्हा करायले वेळ नव्हता. माणसाचे करायले होता.

आता सांगा, भरोसा कोणावर ठेवावा? बायकोवर ठेवा. पण ती पुढं काय म्हणाली तेही ऐका. म्हणे, "माह्याशी लगन केलं तवा एक चिठ्ठी बी नाई केली. अन् कुत्रीसाठी पासपोर्ट."

पासपोर्टले जन्मतारीख. सरकीची बोंडअळीवरून सापडली. माही कुठून सापडावी? माय म्हणे, पूर आलता तवा झाला. कोणता पूर, ते नदीलेच माहीत. आधारवर एक जानेवारी होती, तांड्यातल्या निम्म्या लोकांची एक जानेवारीच हाये, आमचा सामुदायिक वाढदिवस असते, तेवढ्यावर कसंबसं निभावलं. मंग पोलीस चौकशी. हवालदार आला, बसला, इचारलं, "परदेशी कायले चालले नायक?" मी खोटं कायले बोलू? म्हटलं, "कुत्री पोचवायले." त्यानं माह्याकडं पाह्यलं, सरकीकडं पाह्यलं, काकीकडं पाह्यलं. काकीनं त्याले पूर्ण कथा सांगतली, पोरीच्या पहिल्या बाळासकट. त्यानं टोपी काढली, घाम पुसला अन् लिहिलं, 'कौटुंबिक कारण.' तुम्हाले सांगतो, त्या माणसाचं नाव मले माहीत नाही, पण त्यानं आमची सरकी कुटुंबात मोजली. मी त्याले पानसुपारी द्यायले गेलो, तं म्हणे, "राहू द्या, माह्या घरी पण एक हाये."

व्हिसाले काकी अन् मी मुंबईले गेलो. तिथं खिडकीपलीकडं एक पोरगी, इंग्रजीतून मराठी बोले.

"काका, जाण्याचा हेतू?"

"कुत्री."

"म्हणजे तुम्ही तिथं कोणाकडे राहणार?"

"कुत्री अन् काकी उज्ज्वलाकडं राहतील. मी दोन दिवसात परत."

"परत याल याची खात्री काय?"

मी मोबाईल काढला अन् तिले दुकानाचा फोटो दाखवला. म्हटलं, बाई, हे पोते पाह्यले? हे सोडून मी जर्मनीत ढेप कोणाले विकू? तिकडच्या गाई माही भाषा समजतील का? पोरीनं तोंडावर हात धरला अन् कागद आत घेतले. पंधरा दिवसांनी व्हिसा घरपोच. मी तिच्यासाठी मनातल्या मनात नारळ फोडला.

इकडं पिंजऱ्याची तालीम. सरकी आत पाय ठेवे ना. दीपा मॅडमनं सांगतलं, तिच्या ओळखीचा वास ठेवा. मी दुकानातलं एक जुनं सरकीचं पोतं आत अंथरलं अन् सरकी अशी जाऊन झोपली का बाहेर काढायले भाकर दाखवावी लागली. मंग निघायच्या दहा दिवसांच्या आत मॅडमनं तपासून कागद दिला, अन् बबलूनं आपल्या मित्राची गाडी आणून, ट्रकची पाळी बदलून, आम्हाले मुंबईपर्यंत सोडलं. तिथं सरकारी जनावर-तपासणीचं ऑफिस. मी तयारीत गेलतो, खिशात चिवड्याचा पुडा, म्हटलं दोन दिवस तं बसवतील. साहेबानं चिपेवर यंत्र फिरवलं, टिंग वाजलं, कागद वाचले. एकेक कागद वाचला हो, पूर्ण. अन् शिपायाले म्हणे, "आधी त्या कुत्रीला पाणी दे, लांबून आली आहे." दुपारी सर्टिफिकेट हातात. चिवडा तसाच राह्यला, तो मंग आम्ही बाहेर झाडाखाली खाल्ला. मी तीस वर्षं लोकांले सांगत आलो का सरकारी ऑफिसात माणूस नसते, खुर्ची असते. परत घेतो तो शब्द.

आता विमान. सरकी खाली सामानाच्या भागात, आम्ही वर. काकीनं पट्टा बांधला अन् त्या हवाई पोरीले इचारलं, "सरकी जेवली का?" त्या पोरीले मराठी येत नाही. ती म्हणे, "व्हेज?" काकी म्हणे, "नाई, ती अंडं खाते." तिनं काकीले आमलेट आणून दिलं. काकीनं ते रुमालात बांधून ठेवलं. पूर्ण रस्ता ती पाय जमिनीले घट्ट टेकवून बसली. म्हटलं, भीती वाटते का? म्हणे, "नाई रे, ती खाली असन ना, तिले पाय लागले पायजे."

उतरलो. सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बनियनच्या आत. एक उंच साहेब, हातमोजे घातलेला. सरकीच्या मानेवर यंत्र फिरवलं, टिंग. रिपोर्ट पाह्यला, लस पाह्यली, मालकाचं नाव पाह्यलं, माहा पासपोर्ट पाह्यला. जमलं. सरकीच्या पडक्या कानाले बोट लावलं, हसला अन् हात केला, जा. ऐकून राह्यले ना? महिने न् महिने धावलो ते एका हसण्यात पार. माह्या डोळ्यात पाणी आलं हो. मी तिथंच त्याले हात जोडले.

अन् त्यानं माह्या थैलीवर बोट ठेवलं.

थैलीत काय? मथुराचे डिंकाचे लाडू. बाळंतिणीसाठी. गुडघा दुखते तिचा, तरी जमिनीवर बसून डिंक तळला, खारका कुटल्या, अन् तूप कोणतं, तं घरच्या म्हशीचं, कंजुषी न करता. जाताना माह्या हातात डबा देऊन म्हणे, "कुत्रीचं तुमी पाहा, हा डबा माहा हाये. उज्ज्वलाच्याच हातात द्या." साहेबानं डबा उघडला, वास घेतला, इचारलं, हे काय? तिथं एक आपल्याकडचा पोरगा होता, त्यानं सांगतलं, "काका, तूप हाये ना, दूधदुभत्याचं बाहेरून चालत नाही." मी म्हटलं, लस दिलेल्या म्हशीचं हाये. तो म्हणे, "कागद हाये का?"

नव्हता. कुत्रीचा होता, काकीचा होता, माहा होता. लाडवाचा नव्हता.

साहेब बी काही दुष्ट नव्हता. सॉरी सॉरी म्हणे. डबा मोकळा करून, धुऊन माह्या हातात दिला. त्यापेक्षा ठेवून घेतला असता तं बरं होतं.

पण पोचलो. उज्ज्वला पलंगावर. मायले पाहून तिनं हात लांब केला. काकीनं तो धरला. अन् सरकी, जिनं फाट्यावर आठ दिवस एसटी पाह्यली ती, काकीच्या चपलेवर तोंड ठेवून झोपली. बाराव्या दिवशी पोरगी झाली, दोघी सुखरूप. मी तोपर्यंत दुकानात येऊन बसलो होतो. फोनवर बाळ रडलं अन् मागून सरकी भुंकली, अन् इकडं मी, बबलू, मथुरा, दुकानात पोत्यावर बसून, तिघं बी एकाच मोबाईलले कान लावून. दीपा मॅडमले फोन लावला तं ती म्हणे, "काका, बाळाच्या लसीचं कार्ड नीट ठेवायला सांगा. अन् नाव आईबापाचंच लिहा." मॅडमची जीभ बी काही कमी नाही.

तं मले सांगा, भरोसा कोणावर ठेवावा? मी सांगतो. एकेका कागदामागं एकेक मानूस उभा होता अन् कोणी बी कमी तोललं नाही. सगळ्यांनी वरून मूठभर जास्तच टाकलं. हे मी मेलो तरी विसरणार नाही.

फक्त एक गोष्ट. मी परत आलो त्या दिवशी मथुरानं पहिलं इचारलं, "लाडू आवडले का उज्ज्वलाले?" तिचा तो गुडघा पाह्यला अन् माह्या तोंडून निघालं, आवडले. काकीनं फोनवर मदत केली, म्हणे, "मथुरा, तूप काय घातलं वो तू." उज्ज्वला म्हणे, "वहिनी, एक बी उरला नाही." हे तं खरंच होतं. मथुरा आठ दिवस गावभर सांगत फिरली.

अन् काल एजंटचा फोन आला. काकीचे तीन महिने भरत आले. सरकीले परत आणायचं हाये. तिकडून निघायले कागद, इकडं उतरायले कागद, अन् सोबत कोण पायजे? मालक. ऐन मृगाच्या तोंडावर, दुकानात बियाण्याची गर्दी, अन् मी पुन्हा विमानात. व्हिसा संपला असन म्हटलं, तं म्हणे चांगला सहा महिन्यांचा दिला हाये मुंबईच्या त्या खिडकीतल्या पोरीनं. भली होती बिचारी.

आतून वास येऊन राह्यला ना? डिंक तळला जाऊन राह्यला. सकाळपासून बसली हाये ती जमिनीवर, गुडघा धरून. म्हणे, मागचे एवढे आवडले तं यंदा दुप्पट करतो. आता कोणत्या तोंडानं सांगू?

म्हणून हात जोडून एवढंच मागतो तुम्हाले. माल पोचला नसन तं पोचला नाही असंच लिहा, अन् ज्यानं प्रेमानं पाठवला त्याच्या नावानं जमा पूर्ण धरा. हिशोब खरा ठेवा बाप्पा. नाही तं माह्यासारखे दोन डबे उचला लागतात... अन् आता चहा घेता घेता एकेक लाडू बी घ्या, हळूच घ्या, जेवढे इथं संपतील तेवढे तिथं कमी फेकले जातील.